लाल वायर कुठे जाते?

प्रिय ठमे,

तू वायरिंग केलेल्या लिफ्टा वर-खाली नीट जातायत ना? इकडे तुझी आई या वयात वायरमन झालीय. हसू नकोस. बाबांच्या वर्कशॉपात येतात त्या कॅम्पर गाडीत, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीत, दोन बॅटऱ्या असतात, एक इंजिनची, दुसरी घराची, म्हणजे दिवे, पंखा, फ्रीज यांची, हे मी आता झोपेतही सांगेन. गाडी चालू असली की दोघी चार्ज होतात, बंद केली की मधला रिले त्यांना वेगळं करतो. नाहीतर रात्रभर दिवे जाळायचे आणि सकाळी गाडी ढिम्म हलायची नाही. तुझे बाबा म्हणतात, चूल वेगळी असलेली बरी. सासूबाई होत्या तेव्हा हे कधी बोलले नाहीत बघ.

आता खरं सांगते. हिवाळ्यात एका मास्तरांच्या गाडीत बाबांनी लाल-काळ्याची अदलाबदल केली. फ्यूज उडाला, इन्व्हर्टर जळाला. बाबांनी कंपनीला शिव्या घातल्या. मी मात्र ओळखलं, कारण त्याआधी माझ्या लाल स्वेटरला ते काळा म्हणाले होते. गोड बोलून डॉक्टरांकडे नेलं. डोळ्यांचा पडदा झिजलाय, गेलेले रंग परत दिसायचे नाहीत. घरी आल्यावर म्हणाले, त्या डॉक्टरला काय कळतंय. आणि जेवले नाहीत.

तेव्हापासून मी वर्कशॉपात स्टूल टाकून बसते. वायरीवर बोट ठेवून विचारते, अहो, ही लाल कुठे जाते? मग ते खुशीत सांगतात, सोलर पॅनेलची आहे, आधी कंट्रोलरला, मग बॅटरीला. बॅटरीची टोकं त्यांना चाचपून कळतात, प्लसचं जरा जाड असतं. वायरींचं मात्र माझ्या प्रश्नांवर चालतं. मीटरचंही तेच, बारीक आकडे आता त्यांना नीट दिसत नाहीत. बारा पॉइंट दोन म्हणजे किती भरली हो? अर्धी, म्हणतात, याच्या खाली उतरू द्यायची नाही. अख्ख्या संसारात माझ्याशी इतकं बोलले नव्हते गं. मला फार आवडतं ते.

परवा माझा घसा बसला होता, म्हणून नुसतीच बसले. ते दोन वायरी हातात धरून थांबले. मग मान वर न करता म्हणाले, आज काही विचारायचं नाही का तुला? मी आत जाऊन रडून घेतलं, तोंड धुतलं आणि परत येऊन घोगऱ्या आवाजात विचारलं.

पुढच्या महिन्यात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. दीड महिना मला वर्कशॉपाची पायरी चढता येणार नाही. माणूस ठेवू म्हटलं तर ते दुकानाला कुलूप लावतील, आणि मग घरात नुसते बसून राहतील, ते मला बघवणार नाही. म्हणून तू ये. तुला यातलं सगळं येतं, तीच माझी पंचाईत आहे. त्यांच्या हातातली पक्कड काढून घेऊ नकोस. मी करते बाबा, असं म्हणू नकोस. शेजारी बस आणि काही येत नसल्यासारखं विचार. एवढंही विसरलीस का म्हणून ओरडतील. हो म्हण, विसरले, पुन्हा सांगा.

तुझीच, अजून शिकाऊ असलेली,
आई