काठातला चुकलेला धागा

भवानी पेठ, सोलापूर
ऑगस्ट १९७६

गुरप्पा, माझ्या भावा,

हे पत्र टपालात पडणार न्हाय. आणीबाणीत आपली पत्रं कुणीतरी फोडून वाचतंय, म्हणून तर लपायला जाताना तू एकसारख्या दोन चादरी विणल्यास. काठाच्या पट्टीत जितके धागे, तितके शब्द सोडून पुढचा वाचायचा. एक चादर तुझ्याकडं, एक माझ्याकडं.

काल पत्र आलं. धागे मोजून वाचलं, "अक्का, कुटं भेटू?" नजर लागू नये म्हणून तू मुद्दाम चुकवलेला धागासुद्धा मोजणीत बरोबर धरलेला. पण तू मला जन्मात अक्का म्हणला न्हाईस. ईरीच म्हणतोस की.

म्हंजे हे पत्र तुझं न्हवं. चादर बघितल्याबिगर हे कुणाला जमणार? तुझी चादर पोलिसांना घावली, म्हंजे तूबी घावलास.

मग आठवलं. पेटीतनं काढली तवा माझ्या चादरीचा काठ आत दुमडलेला होता. मी तो कायम बाहेर ठेवते. पेटीचं कुलूप जागेवर, किल्ली माझ्या गळ्यात. तरी कुणीतरी हितं बसून धागे मोजून गेलंय.

देवाशपथ गुरप्पा, मला लई बरं वाटलं. माझ्या घरात शिरले, म्हंजे तू अजून सापडला न्हाईस.

आज दाराला कडी लावली न्हाय. येऊ देत, मोजू देत.

तुझी,
ईरी