खासगी की खाजगी

ती. ताईस,

हातातला सोल्डरिंग आयर्न बाजूला ठेवून, दोन्ही हात जोडून नमस्कार. तुझं ब्लडप्रेशर कसं आहे, भावजींचा खोकला गेला का, हे फोन करूनच विचारायला हवं होतं, मान्य आहे. तीन आठवड्यांत तू अठरा वेळा फोन केलास आणि मी एकदाही उचलला नाही, हेही मान्य आहे. (अठरा हा आकडा तुझ्या भावजयीकडून कळला. तू तिला फोन करून तो दोनदा सांगितलास म्हणे.) तू रुसली आहेस आणि ते रास्तच आहे. फक्त हे पत्र शेवटपर्यंत वाच, मग पुढचं रुस.

झालं असं, की मी दमलोय. जुने कॉम्प्युटर जमवून चालू करायचा नाद लागून मला पंचवीस वर्षं झाली. माळ्यावर नऊ आहेत, पलंगाखाली चार, आणि एक फ्रिजच्या मागे. (फ्रिजमागचा तुझ्या भावजयीला माहीत आहे, पण ती काही बोलत नाही. तिनं बोललेलं परवडतं.) ही यंत्रं कुणाचंच ऐकत नाहीत, माझंही नाही, पण चोरून तरी ऐकत नाहीत. फोनचं तसं नाही. दीडेक महिन्यापूर्वी स्टुलावरून उतरताना मी गुडघ्यावर हात ठेवून नुसतं 'आई गं' म्हटलं, तर चहा होईस्तोवर फोनवर गुडघ्याच्या पट्ट्याची जाहिरात हजर. दुसऱ्या दिवशी कंबरेच्या पट्ट्याची. ती अजून दुखत नव्हती, पण दुपारपासून दुखायला लागली. तेव्हा ठरवलं, की आपल्या गोष्टी आपल्यापाशी ठेवणारा फोन घ्यायचा.

दुकानातल्या बाईंना म्हटलं, माझ्याबद्दल कुणाला काही सांगणार नाही असा फोन दाखवा. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि आवाज खाली आणून 'घरी काही भानगड आहे का?' असं विचारलं. शेवटी साधासाच फोन घेतला आणि त्यातलं मूळचं सगळं काढून, तीन दिवस खपून, फोन चालवणारी दुसरी, खबरदार प्रणाली बसवली. आता नकाशाला मी कुठे आहे ते कळत नाही. (मलाही कळत नाही, दाताच्या डॉक्टरांकडे निघालो आणि टायरच्या दुकानात पोचलो.) बँकेच्या ॲपनं मला चोर समजून बाहेर काढलं. शिवाय तत्त्व म्हणून मी फोनमध्ये एकही नंबर भरला नव्हता, आणि अनोळखी नंबर आला की हा फोन वाजतच नाही. थोडक्यात, जिनं मला कडेवर घेऊन वाढवलं ती अनोळखी ठरली. अठराही वेळा.

आता मुद्द्याचं. कॉलेजात असताना माझा पहिला कॉम्प्युटर होता ना, त्याचे प्रोग्रॅम कॅसेटवर साठवायचे. त्यातली एक कॅसेट मागच्या महिन्यात लावली. खरखर संपली आणि एकदम आपलं घर ऐकू आलं. टेपरेकॉर्डर कधीतरी चुकून चालू राहिलेला असणार. आई तुला खिडकी लावायला सांगतेय, तू 'थांब गं' म्हणतेस, ती चार वेळा सांगते आणि शेवटी पुटपुटत स्वतःच लावते. बारा मिनिटं. आईला जाऊन इतकी वर्षं झाली, आवाज विसरलो असं वाटत होतं, विसरलो नव्हतो. मी चक्क रडलो, ताई. नवा फोन जवळ धरून सगळं त्यात भरून घेतलं, आणि पुन्हा लावायला गेलो तर त्या म्हाताऱ्या टेपरेकॉर्डरनं फीत चावून तुकडे केले. दुसरीकडे कुठे ठेवलं नाही, कारण आईचा आवाज परक्याच्या कपाटात कशाला, हा माझा बाणेदारपणा.

आणि मंगळवारी सोल्डरिंग करताना अंगठा भाजला. फोन अंगठ्यानं उघडायचा. अंगठा ओळखू येईना म्हणून त्यानं सांकेतिक वाक्य मागितलं. वाक्य मला पाठ आहे, तुलाही असेल: मी ताईची खासगी वही पुन्हा गुपचूप वाचणार नाही. तू नववीत, मी पाचवीत. आईनं शंभर वेळा लिहायला लावलं होतं आणि तू शेजारी बसून लाल शाईनं तपासलं होतंस. जगातल्या कुठल्याही हेराला सुचणार नाही म्हणून तेच निवडलं. पण खासगी की खाजगी? पुन्हा की पून्हा? गुपचूपमधला दीर्घ कोणता? दहा चुका झाल्या की हा फोन आतलं सगळं पुसून टाकतो. माझ्या आठ झाल्यात.

भावजींना नमस्कार. तब्येतीला जप.

तुझा धाकटा भाऊ (वय पंचावन्न)

ता. क. खरं काम असं, की ते वाक्य मला लिहून पाठव. शुद्ध नको. शुद्ध मी कोशात बघून पहिल्यांदाच टाकलं होतं, उघडलं नाही. फोनमध्ये भरताना हातानं पाचवीतल्याच चुका केल्या असणार, म्हणून मी तेव्हा जसं लिहिलं होतं तसं हवं. माझ्या चुका मला आठवत नाहीत, तुला सगळ्या आठवतात. (हे टोमणा म्हणून लिहिलेलं नाही.)

ता. क. २. साध्या पोस्टकार्डावर पाठवलंस तरी चालेल. पोस्टमन वाचेल, वाचू दे.

ता. क. ३. तेहतीस वर्षं मराठी शिकवलेला हात आहे, सवयीनं एखादी वेलांटी सुधारशील आणि आईचा आवाज जाईल. म्हणून हात जोडून सांगतो, ताई, आयुष्यात एकदा माझ्यासारखं चुकीचं लिही.