एका हातानं घालता येणारं घड्याळ

माय, मागच्या महिन्यात मी धाकटीसाठी परळीच्या बाजारातून घड्याळ घेतलं. तिला नोकरी लागली. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुली मागं राहतात ना, त्यांच्या वसतिगृहात अधीक्षिका म्हणून. फोनवर मी विचारलं, काय देऊ तुला? वाटलं होतं, साडी म्हणेल. ती म्हणाली, "घड्याळ दे आक्का. चांगलं दे, लई वर्षं चालणारं." मी म्हटलं, मोबाईलमध्ये दिसतेच की वेळ. तर म्हणाली, "मोबाईल धरला की माझा हात गुंतला. मग बाकीचं कशानं करू?" इतकी वर्षं तिला बघतेय मी, पण हे कधी ध्यानात आलं नव्हतं.

तुला ते सगळं पुन्हा सांगायला नको, पण त्याच्यावाचून पुढचं सांगता येत नाही. ज्यांच्या शेतात तू कामाला होतीस त्यांचा गोठा. कडब्याची कुट्टी करायचं यंत्र चालू आहे, तू पेंढी आत सरकवतेयस, धाकटी शेजारी उभी आहे. अजून शाळेत नावही घातलेलं नाही तिचं. तू दुसरी पेंढी उचलायला वळतेस आणि ती तुझ्यासारखाच कडबा आत ढकलते. डावा हात मनगटाच्या वरून गेला. त्यानंतर तू तिला काही म्हणून करू दिलं नाहीस. वेणी तू घालायचीस, नाडा तू बांधायचीस, भाकरी कुस्करून ताट तिच्या पुढ्यात तू सरकवायचीस. एकदा तू पाण्याला गेली होतीस आणि ती चुलीपुढं बसून एका हातानं भाकरी थापायला लागली. कडा तुटत होत्या, आम्ही दोघी हसत होतो. तू आलीस, घागर दारातच ठेवलीस आणि पीठ तिच्या हातातून ओढून घेतलंस. "सोड ते! माझे दोन हात कावून हायत मग?" ओरडत होतीस तिच्यावर, पण बघत माझ्याकडं होतीस. तोडीला जाताना मला शाळेसाठी आत्याकडं ठेवायचीस आणि तिला मात्र सोबत न्यायचीस, फडाशेजारच्या कोपीत, त्या पाचटाच्या झोपडीत. तिचं दुसरं कोण करणार, म्हणायचीस.

दुकानदारानं आधी नाजूक, सोनेरी घड्याळं काढली. काचेच्या कपाटावर वीज केंद्राच्या राखेची धूळ बसली होती, ती फडक्यानं पुसून एकेक मांडत गेला. मी डावा हात पदराखाली घेतला आणि उजव्या मनगटावर उजव्याच हातानं घड्याळ चढतं का ते बघू लागले. चामड्याचा पट्टा नुसता गुंडाळला जायचा, बक्कल लागायचंच नाही. कडीचा धातूचा पट्टा बोटांनी कसाबसा मनगटावर आला, पण कडी दाबणार कशानं? मी तोंड खाली नेलं तसा तो म्हणाला, "बाई, दातानं नका ओढू. हाताला लागलंय का तुमच्या?" मी सांगितलं, माझ्या नाही, बहिणीला एकच हात आहे. त्यानं सगळी घड्याळं आवरली आणि आतून ताणला जाणारा, स्प्रिंगचा पट्टा असलेलं एक आणलं. पाणी आत न जाणारं हवं होतं, कारण भांडी, कपडे सगळं तिला त्याच हातानं करायचं. चावीचंही नको होतं. आकडे मोठे, काच जाड, पट्टा स्टीलचा. बायकांचं वाटत नव्हतं, पण चांगलं होतं. घड्याळ काउंटरवर उभं ठेवून मी पट्ट्यात बोटं घातली, काउंटरच्या कडेला दाबून वर सरकवलं. बसलं. मग काढलं, पुन्हा घातलं. माझ्या मागं गिऱ्हाईक खोळंबलं होतं, तरी मी घालत राहिले.

रविवारी घाटनांदूरला माहेरी गेले. आबा आता फारसं बोलत नाहीत, बाजेवर बसून असतात. धाकटीनं डबी गुडघ्यांत धरून झाकण उघडलं, पट्ट्यात बोटं सारली आणि मांडीवर दाबून घड्याळ वर ओढलं. पहिल्याच झटक्यात. मला एवढा आनंद झाला की मी मोठ्यानं म्हणाले, "बघा आबा, आता हिचं कुणावाचून काही अडत न्हाई!" आबांनी मान हलवली.  मी चहा ठेवायला आत गेले, तशी धाकटी माझ्या मागोमाग आली.

"न्हाई जमत समदं, आक्का."

"काय न्हाई जमत?"

"माय गेली तवा कोपीत मी एकटीच होते. समदे फडात गेलते. तिचं आंग पिवळं पडलं होतं, ताप होता. दुपारी पाणी मागितलं तिनं. मी तांब्या उचलला, तर तिला उठता येईना. तांब्या ठेवून मान उचलली, तर पाणी पाजायला हात न्हाई. थोट्या हातानं मान धरून बघितली, निसटायची. मग वरूनच तोंडात पाणी सोडलं. ती ठसकली. समदं बाहेर येऊन गळ्यावरून खाली सांडलं. मी बांधावर जाऊन हाका मारल्या, पण ट्रॅक्टर चालू होता, कुणाला ऐकूच जाईना. परत आले तर..."

आम्हाला सांगितलं होतं, तू झोपेत गेलीस. ती तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेल. तेव्हापासून आजवर कुणाला बोलली नव्हती. चहा उतू गेला, दोघींनीही गॅस बंद केला नाही.

मग तिनं विचारलं, "शेजारच्या कोपीतल्या मावशीनं मायला आंघोळ घातली होती. ती तुला कधी भेटली का? काय बोलली का? मायचं तोंड ओलं होतं का कोरडं?"

"भेटलती," मी म्हणाले. "एका लग्नात. ती म्हणाली, पाणी पिऊन गेली तुझी माय. घशाखाली उतरलं होतं."

"खरंच?"

"खरंच."

ती ओट्याला टेकून खाली बसली आणि तोंडावर हात घेऊन रडली. एवढी रडलेली मी तिला कधी पाहिली नाही, हात गेला तेव्हाही नाही. मग उठली, तोंड धुतलं आणि आबांना चहा नेऊन दिला. परवा ती कामावर हजर झाली. फोनवर आवाज मोकळा वाटला.

हे लिहून कुठं पाठवता येणार नाही, ते मला कळतं. पण तू खरंच पाणी प्यायलीस का, हे तुला एकटीलाच ठाऊक आहे. म्हणून हेही तुझ्याच कानावर घालते, माय. त्या मावशीला मी आयुष्यात कधी भेटलेले नाही.