उपाशीपोटीची गोळी

४ जून

ती. दादास,
बाळीचा सा. न. वि. वि.

तुझ्या ‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या पोचल्या. अक्षर पाहून दचकू नकोस, डाव्या हातानं लिहितेय. दुकानात वह्यांचा गठ्ठा उचलताना तोल गेला आणि उजवं मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्यानं मोडायला नको होतं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी हाडांची तपासणी करवली. विरळ झालीत म्हणे. त्रेसष्टाव्या वर्षी कुणाची होत नाहीत?

सहा आठवडे प्लास्टर. पुढे पुस्तकं शिवता येतील का, असं विचारलं, तर बाई नुसतं पाहू म्हणाल्या. चाळीस वर्षं पुस्तकबांधणीच केली रे, दुसरं मला काही येत नाही.

बाकी क्षेम. माया आहे तशीच ठेव.

तुझी,
बाळी

१२ जून

चि. बाळीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तीनदा उठलो, तीनदा बसलो. अकरा वर्षं मी गोळ्या पाठवतो, तू न चुकता घेतेस, आणि हाडं विरळ? ही शुद्ध फसवणूक आहे! कंपनीला असं पत्र लिहितो की त्यांच्या सात पिढ्या आठवण काढतील.

तू काही लपवलंस की ‘बाकी क्षेम’ लिहितेस. बाई काय म्हणाल्या ते अक्षरन् अक्षर कळव.

तुझ्या मनगटावर जीव टांगून बसलेला,
दादा

२० जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

कंपनीला सोड. बाईंनी विचारलं, गोळी कशी घेता? म्हटलं, सकाळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर. जेवणात तेल-तूप किती? म्हटलं, अकरा वर्षं थेंबही नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं. हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थात विरघळतं, जेवणात थोडं तेल असलं तर ते नीट अंगी लागतं, असं त्यांनी समजावलं. एवढ्यानंच हाडं झिजली असं मात्र नाही. वय आहे, आईचीही हाडं नाजूक होती, शिवाय दिवसभराचं बैठं काम.

असं का खाता, तर म्हटलं कुठंतरी वाचलं. तुझं नाव घेतलं नाही.

वहिनी हृदयविकारानं गेली, त्या आठवड्यात तू तेलाची बाटली मोरीत ओतलीस आणि मीही तेल-तूप सोडावं म्हणून तासभर बोललास. तुला धरायला तेवढंच उरलं होतं, ते मी कसं काढून घेणार? आणि दादा, दर महिन्याला त्या गोळ्यांच्या पाकिटात तुझं पत्र असायचं. गोळ्या लागल्या नसतील अंगी, पत्रं लागली. त्याचे उपकार मी विसरायची नाही.

रागावलास तरी चालेल, पत्र थांबवू नकोस.

बाळी

५ जुलै

चि. बाळीस,
आशीर्वाद द्यायची आज लाज वाटते, तरी देतो.

मी चुकलो. आयुष्यात एवढ्या सभा गाजवल्या, पण हे वाक्य कुठल्याच व्यासपीठावरून बोललो नाही. आठ पुस्तकं वाचली आणि भीतीच्या भरात निकाल दिला. लोणी, तेल, अक्रोड, मासे, सगळ्यांना एकाच पिंजऱ्यात उभं केलं आणि साक्ष कुणाचीच काढली नाही. शिक्षा मात्र तुला!

माझीही तपासणी करून घेतली. खुब्याचं हाड तुझ्या मनगटाहून वाईट आहे. जिन्यात घसरला असतात तर अंथरूण धरलं असतंत, असं डॉक्टर म्हणाला. बाळे, तू पडलीस म्हणून मी वाचलो. हे ऋण कोणत्या शब्दांत मानू? मला, शब्दांवर जगलेल्या माणसाला, सापडत नाहीत.

गोळी आता जेवणानंतर, चमचाभर तेल घातलेल्या भाजीवर. दोन घेतल्या तर दुप्पट फायदा, हा माझा सिद्धांतही डॉक्टरनं हाणून पाडला. सांगितलेल्या डोसाहून जास्त घेणं धोक्याचं, म्हणाला. रोज तासभर चालतो. वाटेत कुणालाही उपदेश करत नाही, फार जड जातं.

क्षमा केलीस तर दोन ओळी लिही.

दादा

३० ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

क्षमा कसली मागतोस? वेडा आहेस.

हे उजव्या हातानं लिहितेय. मनगट अजून आखडतं, जड दाबयंत्र मला फिरवता यायचं नाही. ते फिरवायला तू ये, भाषण घरी ठेवून.

काल सोळा पानांचा एक फर्मा शिवला. पूर्वी तासाला वीस व्हायचे, कालच्या एकाला दुपार गेली. तो डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावला, दोरा बोटाला गुंडाळला आणि चांगला जोर लावून ओढला.

टाका हलला नाही, दादा.

तुझी,
पुस्तकं बांधणारी बाळी