अप्पांचा हात

मंगळवार, जयपूर

आज चहाच्या वेळी अप्पांनी उजवा हात माझ्यापुढे धरला. "सूनबाई, बघ गं, थरथरतो का? समोरची सोंगटीसुद्धा जात नाही आता." फोनवरचा कॅरम, आमच्याच कंपनीचा. हात मला तरी स्थिर दिसला.

स्थिरच आहे. विसाव्या लेव्हलनंतर आम्हीच स्ट्रायकर किंचित भरकटवतो. पैसे भरून सोनेरी घेतला की सरळ जातो. हे ठरलं त्या मीटिंगमध्ये मी विरोध केला होता का? नाही. "इतकं किंचित कुणाला कळणार?" हे वाक्य माझंच.

"मग सोनेरी घ्या ना," मी म्हटलं. काय बोलून गेले!

"छट्! विकत घेऊन जिंकायचं? आणि गेममध्येच खोट असती तर तू सांगितलं नसतंस?"

खेळणारे आम्हाला लुटारू म्हणतात. ते रोज वाचते, सवय झाली. हा विश्वास मात्र सोसत नाही.

खरं सांगायला मी तोंड उघडलं आणि मीच म्हणाले, "डॉक्टरांना दाखवू या." शास्त्रीनगरच्या डॉक्टरांची शनिवारची वेळही घेतली.

अप्पांनी फोन माझ्याकडे दिला. "काढून टाक तो कॅरम. आता नाही जमायचं मला."

मी काढून टाकला.