शालूची हंडी

५ जाने. १९७४, शनि. बालीगंज
शालूच्या यजमानांचं, विनायकरावांचं पत्र, बँकॉकहून. शालूचं पोटाचं ऑपरेशन बुधवारी. "काळजी नसावी" दोनदा लिहिलंय, म्हणजे आहे. एकुलती धाकटी बहीण, आणि मी इथे कलकत्त्यात तिळगुळाचं सामान काढतेय.

९ जाने., बुध.
सकाळभर देवापाशी. दुपारी हात रिकामे राहवेनात. शालूनं गेल्या हिवाळ्यात इथे येऊन शिकवलेली हंडी केली. तळाला आलं, लसूण, मिरी, कोथिंबिरीची मुळं. वर कोळंबी नि खेकड्याच्या नांग्या. त्यावर चिनी दुकानातल्या काचेसारख्या शेवया, भिजवून. तिच्या बाटलीतलं माशांचं खारं पाणी. झाकण. मध्ये उघडायचं नाही ही तिची ताकीद. झाली की तीच उतरवायची आणि पळी काठावर दोनदा वाजवायची. कॉन्व्हेंटात जेवणाआधी डोळे मिटून प्रार्थनेला सिस्टर घंटी द्यायच्या, तशी. पन्नाशी उलटली तरी तेच.
मी पळी नाही वाजवली. ते तिचं.
हे म्हणाले, "शालूच्या हातची चव नाही." मी म्हटलं, मग तिच्याकडेच जा जेवायला. आणि जीभ चावली.

११ जाने., शुक्र. संकष्टी
उपास. घरात मासळी नाही. जिन्यात माशीमा, खालच्या मजल्यावरच्या आमच्या घरमालकीण. विधवा, चाळीस वर्षं माशाला शिवल्या नाहीत, वास मात्र गल्लीच्या टोकाचा ओळखतात. मला अजून बौमा म्हणतात, सूनबाई.
"बौमा, आजही चिंगडी? काय लसूण सुटलाय."
"आज उपास आहे, माशीमा. कोळंबी कुठली!"
"मग बहिणीनं केली असेल. आलीय ना? ऐकली तिची पळी. टुक टुक."
पायरीवरच बसले.
ह्यांना सांगितलं. "पंचाहत्तरीचे नाक-कान ते. गेल्या हिवाळ्यातच अडकलेत."
असेल. पण घासून पालथी ठेवलेली हंडी हाताला कोमट लागली. ऊन असेल. (खिडकी उत्तरेची.)

१३ जाने., रवि.
तार नाही, पत्र नाही. ह्यांनी उद्याचा ट्रंक कॉल लावला. फोन माशीमांकडेच.
आज वास मलाही आला. ह्यांना नाही. शालू घरात आहे असं वाटून क्षणभर बरं वाटलं. मग मनात आलं, ती तिकडे बरी असेल तर इकडे कशाला येईल?

१४ जाने., सोम. संक्रांत
मुद्दाम हंडी चढवली. या घरात काही शिजतच असेल तर ते मी शिजवलेलं असू दे. झाकण घातलं, तोच खालून हाक, "बौमा, फोन!" गडबडीत स्टोव्ह तसाच. ही वही हातात. ह्यांनी दाराला कुलूप घातलं.
ऑपरेटर म्हणाली, लाइनवर राहा. नुसती खरखर. आम्ही तिघंही फोनभोवती.
वर पळी दोनदा वाजली.
ह्यांनी छताकडे पाहिलं. लहानपणीसारखे माझे डोळे आपोआप मिटले.
तेवढ्यात विनायकराव. "ताई—" आणि लाइन तुटली.
पुन्हा लागेल म्हणे. माशीमांच्या पलंगावर बसून लिहितेय. त्या "ताई"त काय होतं, ते आठवून पाहतेय. रडणं? की नुसतं दूरचं बोलणं?
अर्धा तास होऊन गेला. किल्ली ह्यांच्या मुठीत. वर जायला उठत नाहीत. मीही उठवत नाही. हंडी एव्हाना जळून कोळसा व्हायला हवी.
वास येतोय. करपल्याचा नाही.
माशीमा डोळे मिटून म्हणाल्या, "अगदी वेळेवर उतरवली हो."
फोन वाजतोय.