पैलवानाचे कल्ले

४ मे, सकाळ
टाकीपाशी बसून सगळ्यांची विचारपूस केली. पैलवान, म्हणजे लालभडक फायटर मासा: ठणठणीत. थोरली आणि धाकटी, दोघी एंजल: बऱ्या, भूक जरा कमी. मामा, तळाचा कॅटफिश: लोळत असतात, स्वभावच तो. लेक सांगून गेलीय, आधी हे चार जीव सांभाळून दाखवा, मग नातीला सुट्टीत ठेवते. एवढंच ना? वाचून ठेवलंय सगळं. कल्ले लाल म्हणजे रक्त चांगलं, रक्त चांगलं म्हणजे मासा चांगला. रोज तपासायचे.

६ मे
पैलवान गुणी. थोरली समोर आली की कल्ले पसरून दाखवतो, डॉक्टरला जीभ दाखवावी तसे. बायको म्हणाली, "अहो, तो श्वास नाही घेत, दम देतोय तिला." वाचन नसलं की असं होतं.

७ मे
थोरली गेली. पंखांच्या चिंध्या. पंपाचा जोर जास्त झाला असावा. कमी केला.

८ मे
धाकटी गेली. एक डोळा नाही, पोट फाटलेलं. कल्ले मात्र लाल. म्हणजे रक्ताच्या बाजूने माझं काही चुकलं नाही.
मामांच्या मिश्या कुरतडलेल्या. बायकोने त्यांना बादलीत नेलं. लाड!

१० मे
पैलवान एकटा पडला. करमावं म्हणून आत आरसा लावला. दिवसभर धडका मारतोय. व्यायाम उत्तम.

११ मे
जबडा फुटलाय, पाण्यात रक्ताचा धागा. आरसा काढताना बोटाला चावला. माझंही रक्त लालच. तब्येत चांगली आहे.

१२ मे
खरा दोष सापडला. सारखा वर येऊन तोंडाने हवा खातो. कल्ले कशाला दिलेत? दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "काका, त्याला वरची हवा लागतेच. नाही मिळाली तर पाण्यात बुडून मरेल." मासा, आणि बुडेल! फोन ठेवल्यावरही हसत होतो. टाकी काठोकाठ भरली, वर काच, कडेने चिकटपट्टी. सवय मोडलीच पाहिजे.

१३ मे
पैलवान काचेला तोंड टेकून, उताणा.
बायकोने बसून चिकटपट्टी सोडवली.
लेकीला मेसेज पाठवला: तुम्ही सगळे बरे ना? जावईबापूंचा खोकला? नातीचा हलणारा दात? इकडे टाकीत आता भांडणं अजिबात नाहीत. मामा बादलीत मजेत. नातीची गादी उन्हात घातलीय. तिला कधी आणतेस? उत्तर लवकर लिही.